विश्लेषण : नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही बाजारात येताच घ्यावी की थांबावे?

चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि पिंपरीचे कारखाने जवळ असल्याने पुण्याच्या रस्त्यांवर नव्या मोटारी लवकर दिसू लागतात. खडकी तर या औद्योगिक पट्ट्याकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे मार्गावरच आहे. लष्करी वसाहती, दारूगोळा कारखान्याचे कर्मचारी, बाजारातील व्यापारी आणि आयटीत नोकरी करणारी नवी पिढी असा येथील ग्राहकवर्ग आहे. आठ ते बारा लाखांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही ही त्यातल्या अनेक घरांची पहिली ‘मोठी’ गाडी. बाजारात नुकतीच आलेली गाडी घेण्याचे आकर्षण मोठे असते. मात्र पहिल्या काही महिन्यांतला ग्राहक गाडीबरोबर काही जोखमीही विकत घेत असतो. त्या जोखमी कोणत्या आणि दोष निघाल्यास कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो, याचा हा आढावा.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे नेमके काय?

हा प्रकार अभियंत्यांनी कमी आणि करव्यवस्थेने जास्त घडवला. केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत असणे ही अट होती. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, ही मर्यादाही होती आणि जीएसटीतही ती कायम राहिली. म्हणूनच या वर्गातील बहुतेक गाड्यांची लांबी ३९९० ते ३९९९ मिमी असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के आणि त्याबाहेरच्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के आणि डिझेल गाडीवर ३१ टक्के कर होता. लांबी चार मीटरच्या आत असली तरी इंजिन मोठे असेल तर सवलत मिळत नाही. मारुतीची ब्रेझा ३९९५ मिमी लांब आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांच्या गटात जाते.

लांबी वाढवता येत नसल्याने कंपन्या उंची आणि रुंदी वाढवतात. नव्या ह्युंदाई व्हेन्यूची रुंदी १८०० मिमी आहे, म्हणजे आधीच्या व्हेन्यूपेक्षा ३० मिमी जास्त. आतील आसनांवर ही वाढ सुखाची वाटते. खडकी बाजाराच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाकी लागलेल्या असताना तीच नकोशी होते.

पुणे जिल्हा या स्पर्धेच्या केंद्रस्थानी कसा?

टाटाची नेक्सॉन २०१७ मध्ये आली. ती रांजणगावच्या कारखान्यात तयार होते. स्कोडाने आपली पहिली चार मीटरच्या आतील एसयूव्ही, म्हणजे कायलाक, नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केली. तिची निर्मिती चाकणला होते. जनरल मोटर्सचा तळेगाव येथील कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. तेथे तयार होणारे पहिले मॉडेल म्हणजे ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बाजारात आलेली नवी व्हेन्यू. कायलाक आणि नवी व्हेन्यू या दोन्ही गाड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांची सुरुवातीची शोरूम किंमत ७ लाख ८९ हजारांच्या घरात होती. यावरून स्पर्धा किती अटीतटीची आहे, हे लक्षात येते.

ग्राहकांची पसंतीही स्पष्ट आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यातील जवळपास ६५ टक्के युटिलिटी प्रकारातील होती. २०२४ या वर्षात सर्वाधिक विकली गेलेली मोटार टाटा पंच होती. मारुतीकडे चार दशके असलेला हा मान तिने सुमारे २ लाख २ हजारांच्या विक्रीसह घेतला.

पहिल्या ग्राहकाचा फायदा कोणता?

स्पर्धा तीव्र असल्याने कंपन्या सुरुवातीची किंमत मुद्दाम कमी ठेवतात आणि काही महिन्यांनी ती वाढवतात. लवकर नोंदणी करणाऱ्यांना जोडसवलतीही मिळतात. कायलाकच्या पहिल्या ३३ हजार ३३३ ग्राहकांना तीन वर्षांच्या नियमित देखभालीचे पॅकेज देऊ करण्यात आले होते.

सुरक्षेतही नव्या गाड्या पुढे आहेत. भारत एनकॅप ही देशाची स्वतःची अपघात चाचणी पद्धती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. जानेवारी २०२५ मध्ये कायलाकला तिच्यात पाच तारे मिळाले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत तिने ३२ पैकी ३०.८८ गुण मिळवले. दहा वर्षांपूर्वी याच किमतीच्या गाडीत दोन एअरबॅगही गृहीत धरता येत नव्हत्या. आता सहा एअरबॅग ही या वर्गातील सामान्य बाब होत आहे.

इंधनाच्या बाबतीतही नवी गाडी सोयीची ठरते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेल्यानंतर जुन्या गाड्यांचे मायलेज घटल्याच्या तक्रारी आल्या. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ही घट ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींत १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के असते. नव्या मॉडेलचे इंजिन या इंधनासाठीच जुळवलेले असते.

सुरुवातीच्या गाड्यांत दोष जास्त का निघतात?

मोटार बाजारात येण्यापूर्वी तिची चाचणी लाखो किलोमीटरची असते. तरी त्या चाचण्या नमुना गाड्यांवर होतात. कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावर परिस्थिती बदलते. शेकडो पुरवठादारांचे सुटे भाग मोठ्या संख्येने येऊ लागतात, जुळणीच्या ओळीवरील कामगारांचा हात बसायचा असतो आणि उत्पादनाचा वेग दर आठवड्याला वाढवला जातो. दरवाजाच्या रबरातून पाणी झिरपणे, डॅशबोर्डचा खडखडाट, टचस्क्रीन मध्येच बंद पडणे या तक्रारी याच काळात जास्त येतात. पहिला पावसाळा पाहिल्याशिवाय गाडी कळत नाही, असे मेकॅनिक म्हणतात ते यासाठीच.

दुसरी अडचण सर्व्हिस सेंटरची. नव्या मॉडेलचे सुटे भाग प्रथम कारखान्यातील उत्पादनासाठी जातात. त्यामुळे किरकोळ अपघातात बंपर किंवा हेडलाइट फुटला, तर तो भाग येईपर्यंत गाडी अडकून राहू शकते. तंत्रज्ञही नव्या गाडीवर शिकत असतात. एकच तक्रार घेऊन ग्राहकाला तीन-चार खेपा घालाव्या लागतात, याचे एक कारण हे आहे.

पाच तारे मिळूनही गाडी परत का बोलावली जाते?

याचे ताजे उदाहरण चाकणचेच आहे. कायलाक ग्राहकांच्या हाती पडू लागली ती जानेवारी २०२५ च्या अखेरीस. काही महिन्यांतच स्कोडाने कायलाक, कुशाक आणि स्लाव्हिया या मॉडेलच्या मिळून २५ हजार ७२२ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २४ मे २०२४ ते १ एप्रिल २०२५ या काळात तयार झालेल्या गाड्यांचा त्यात समावेश होता. समोरून धडक बसल्यास मागील आसनाच्या पट्ट्याचा बकलकडील भाग निकामी होण्याची शक्यता, हे कारण होते.

पंचतारांकित मानांकन आणि सुरक्षापट्ट्यातील दोष यांत विसंगती वाटते, पण ती नाही. अपघात चाचणी गाडीच्या रचनेची परीक्षा घेते. परत बोलावण्याचे कारण बहुधा एखाद्या भागाच्या विशिष्ट खेपेतील दोषात असते. तारे मिळाले म्हणून प्रत्येक गाडी निर्दोष ठरत नाही आणि गाडी परत बोलावली म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही. उलट कंपनीने दोष स्वतःहून कबूल करणे ग्राहकाच्या हिताचेच असते. गाडी परत बोलावली गेल्यास दुरुस्ती मोफत होते. पण कंपनीकडे ग्राहकाचा चालू मोबाइल क्रमांक आणि पत्ता असेल तरच निरोप पोहोचतो. सारख्या बदल्या होणाऱ्या लष्करी कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

खडकीच्या कोंडीत इंजिनाचे काय होते?

मेट्रोच्या कामामुळे खडकीतील मुख्य रस्त्यावरची वाहतूक दीर्घ काळ वळवावी लागली होती. २१ जून २०२५ रोजी खडकी मेट्रो स्थानक सुरू झाले. तरी बोपोडी चौक, हॅरिस पूल आणि रेल्वेखालचा भुयारी मार्ग येथे गर्दीच्या वेळी गाड्या मुंगीच्या गतीनेच सरकतात. अशा रस्त्यांवर नव्या गाडीच्या कागदावरील आकड्यांची कसोटी लागते.

मायलेजचे अधिकृत आकडे ‘एआरएआय’सारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत ठरतात. ही संस्था पुण्यातच, कोथरूडला आहे. चाचणी रोलरवर, सुमारे २० मिनिटांच्या ठरावीक चक्रात होते. एसी बंद असतो, चढ नसतो, सिग्नल नसतो. खडकी ते शिवाजीनगर हे अंतर एसी लावून अर्ध्या तासात कापणाऱ्याला तो आकडा मिळणे अशक्यच. एक लिटरचे टर्बो इंजिन महामार्गावर दमदार वाटते. कोंडीत वारंवार थांबत-निघत चालवले की मात्र ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल पिते.

गिअरबॉक्सची निवडही येथे महत्त्वाची ठरते. ड्युअल क्लच प्रकारातील, विशेषतः कोरड्या क्लचच्या गाड्या मुंगीच्या गतीने पुढे सरकवत राहिल्यास क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर प्रकार अशा वापराला जास्त सोशीक असतो. क्लच आणि ब्रेक पॅडची नेहमीची झीज हमीत बसत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे.

डिझेल गाडीचे गणित आणखी वेगळे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते कार्यालय अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती संधी मिळत नाही आणि डॅशबोर्डवर इशारा दिवा लागतो. रोजचे चालणे वीस किलोमीटरच्या आत असेल, तर डिझेलचा आग्रह धरू नये.

शोरूमच्या किमतीवर आणखी किती खर्च?

महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर १० लाखांपर्यंतच्या किमतीला ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के वाहनकर आहे. डिझेलसाठी हे दर अनुक्रमे १३ आणि १४ टक्के आहेत. सीएनजीवरील कर १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला असून १० लाखांपर्यंत तो ८ टक्के आहे.

टप्प्याचा परिणाम पाहा. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीवर कर होतो १ लाख ८ हजार ९०० रुपये. २० हजारांनी महाग प्रकार घेतला की किंमत होते १० लाख १० हजार आणि कर १ लाख २१ हजार २००. म्हणजे सनरूफसारख्या एखाद्या सुविधेसाठी वाढलेल्या २० हजारांवर १२ हजार ३०० रुपयांचा जादा कर. शिवाय किंमत १० लाखांवर गेली की एक टक्का टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्या वेळी खिशातून जातोच.

नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीला त्यासाठी ६ हजार ५२१ रुपये, तर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १० हजार ६४० रुपये लागतात. विमा वितरकाकडूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. ‘हँडलिंग चार्जेस’ या नावाखाली मागितल्या जाणाऱ्या रकमेलाही मोटार वाहन कायद्याचा आधार नाही. साध्या विम्यात प्लास्टिक व रबराच्या भागांचा खर्च निम्माच मिळतो. या गाड्यांचे बंपर, कडा आणि जाळ्या प्लास्टिकच्याच असतात. त्यामुळे किमान पहिल्या तीन वर्षांसाठी ‘झीरो डेप्रिसिएशन’ घेणे शहाणपणाचे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एकतानगरी परिसरात पाणी शिरले, तेव्हा इंजिन संरक्षणाच्या जोडविम्याचे महत्त्व अनेकांना उमगले.

खडकीतील सेवारत व निवृत्त लष्करी कुटुंबांना कॅन्टीन स्टोअर्स विभागामार्फत जीएसटीत निम्मी सवलत मिळू शकते. मात्र त्यासाठी ते मॉडेल विभागाच्या यादीत असावे लागते आणि नव्या गाडीला त्या यादीत यायला वेळ लागतो. या ग्राहकांना तर थांबण्याचे रोख बक्षीसच मिळते.

किंमत घसरली किंवा कंपनीच गेली तर?

सप्टेंबर २०२५ च्या करकपातीनंतर नेक्सॉनच्या किमती प्रकारानुसार कमाल १ लाख ५५ हजारांपर्यंत, तर महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओच्या १ लाख ५६ हजारांपर्यंत कमी झाल्या. महिनाभर आधी गाडी घेतलेल्यांना त्याचा लाभ नव्हता. उलट नवी गाडी स्वस्त झाल्याने त्यांच्या गाडीचे पुनर्विक्री मूल्यही खाली आले. कर्ज मात्र जुन्या किमतीवरच चालू राहिले.

दुसरा धोका दूरचा वाटतो, पण पुण्याने तो जवळून पाहिला आहे. ज्या तळेगावातून आज व्हेन्यू बाहेर पडते, तेथे पूर्वी शेव्हरले गाड्या तयार होत. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस देशातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातील उत्पादनही. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची लाट २०१३ मध्ये ज्या इकोस्पोर्टने आणली, त्या फोर्डनेही ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील निर्मिती थांबवण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सेवेची हमी दिली, पण जुन्या बाजारातील भाव हमीने टिकत नाही. म्हणून गाडी निवडताना कंपनीची देशातील विक्री आणि घराजवळची सर्व्हिस सेंटरे यांनाही गुण द्यायला हवेत.

दोष निघाल्यास कायदा काय देतो?

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत तक्रारींची संख्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेली, तर कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद सुरक्षेशी संबंधित आणि अनेक गाड्यांत आढळणाऱ्या दोषांसाठी आहे. एकट्या ग्राहकाच्या खडखडाटाला तिचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. त्यामुळे खडकीच्या ग्राहकाला पुणे सोडावे लागत नाही. ५ ते १० लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क अवघे २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

अडचण आहे ती पुराव्याची. दोष उत्पादनातील आहे, हे तज्ज्ञांच्या अहवालाने सिद्ध करण्याचा भार व्यवहारात ग्राहकावर पडतो. हमीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका प्रकरणात घेतली. २००९ मध्ये विकल्या गेलेल्या एका सदोष आलिशान मोटारीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला तो जुलै २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ वर्षांनी.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच ‘लेमन लॉ’ केला. पहिल्या दोन वर्षांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती होऊनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकली, तर गाडी सदोष असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणजे तेथे फेऱ्यांची संख्या हाच पुरावा. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. नव्या मॉडेलचा पहिला ग्राहक एकटा पडतो तो इथे.

मग निर्णय कसा घ्यावा?

घरात दुसरे वाहन असेल, सर्व्हिस सेंटरच्या चार फेऱ्या घालण्याची सवड असेल आणि सुरुवातीची किंमत खरोखर आकर्षक असेल, तर नवी गाडी लवकर घेण्यात गैर नाही. ज्यांच्या घरात ही एकच गाडी असणार, वृद्ध आई-वडिलांचे दवाखाने आणि मुलांच्या शाळा तिच्यावरच अवलंबून राहणार, त्यांनी किमान एक पावसाळा जाऊ द्यावा. तोवर सुरुवातीचे दोष उघड झालेले असतात, सॉफ्टवेअर सुधारलेले असते आणि सुटे भागही मिळू लागतात. किमतीत झालेली थोडी वाढ हा त्या निश्चिंतीचा मोबदला समजावा.

लवकर घ्यायचीच असेल, तर ‘एमएच-१२’ची नोंदणी होण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी तपासावी. चासी क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष व महिना पाहून घ्यावा. बाहेरून वायरिंग कापून उपकरणे बसवू नयेत, त्याने हमी धोक्यात येते. प्रत्येक तक्रार तोंडी न सांगता जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी, तिची प्रत घ्यावी आणि गाडी किती दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये होती याची नोंद ठेवावी. दोष चालत्या गाडीत दिसत असेल तर सोबतच्या माणसाला त्याचे मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. उद्या ग्राहक आयोगासमोर जायची वेळ आलीच, तर विक्रेत्याच्या आश्वासनांपेक्षा हे कागद आणि चित्रणच जास्त उपयोगी पडेल.